समासातली पेन्सिल

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौथ्या मजल्यावर, ग्रंथपालांच्या खोलीबाहेर, ९ मार्च २०२२ रोजी जमिनीवर ठेवलेली एक गुलाबी पिशवी सापडली. आत चार्ल्स डार्विनच्या दोन छोट्या वह्या होत्या. त्यांतल्या एकीत १८३७ साली त्याने काढलेलं ते प्रसिद्ध रेखाटन आहे, एकाच खोडातून सगळे जीव फुटत गेले असावेत हे सुचल्यावर काढलेलं. या वह्या २००० साली छायाचित्रं घेण्यासाठी बाहेर काढल्या होत्या आणि जानेवारी २००१ मध्ये त्या जागेवर नाहीत हे लक्षात आलं. एवढ्या अफाट ग्रंथालयात कुठेतरी चुकीच्या फळीवर गेल्या असतील, या आशेवर वर्षानुवर्षं शोध चालला. शेवटी २०२० साली ग्रंथालयाने चोरी झाल्याचं जाहीर केलं. पिशवीत एक पाकीट होतं आणि त्यावर ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छा छापल्या होत्या. खाली एक फुली. त्या जागी कॅमेरा नव्हता. वह्या कोणी नेल्या आणि कोणी आणून ठेवल्या, हे गूढ उरलंच.

ही बातमी वाचताना माझं मन चोरापाशी थांबलं नाही, वह्यांच्या अवस्थेपाशी थांबलं. त्या त्यांच्या मूळ पेटीत, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या आणि धड होत्या. म्हणजे ज्याच्याकडे त्या होत्या त्याने वीस वर्षं त्या सांभाळल्या. मी कोकणात, एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तक वीस वर्षं नुसतं धड ठेवायचं म्हणजे काय, हे इथे आम्हाला दर जूनला नव्याने कळतं. मृगाचा पाऊस लागला की पश्चिमेच्या भिंतीला ओल धरते, लोखंडी कपाटांच्या दारांवर आतून दव येतं, आणि चार दिवस न उघडलेल्या पुस्तकाच्या कण्यावर बुरशीची पांढरी साय धरते. कसर खळीला चटावलेली असते, वाळवी भिंतीतून येते. वेखंड, कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या, पंखे, सगळं करून झालं तरी काही पुस्तकं दरवर्षी दुखावतातच. ती दिवाळीनंतर बाइंडिंगला जातात. हे सांगून ठेवते, कारण मला जी हकिकत सांगायची आहे ती या बाइंडिंगच्या गठ्ठ्यातूनच निघाली.

विद्यापीठाचं नाव मी देणार नाही. त्यात ज्यांची गोष्ट आहे त्यांना ते नको आहे.

रहस्यकथा मी लहानपणापासून वाचत आले. रत्नागिरीच्या नगर वाचनालयात, १८२८ साली सुरू झालेल्या त्या वाचनालयात, शाळेच्या सुट्टीत बसून वाचलेल्या रहस्यकथांनी माझ्या डोक्यात ग्रंथालयाचं एक चित्र तयार केलं होतं. मिणमिणता दिवा, कपाटामागचं चोरदार, शेवटच्या पानात लपवलेलं मृत्युपत्र. नोकरीला लागल्यावर ते चित्र पुसलं गेलं आणि त्या जागी जे आलं ते मला जास्त थरारक वाटतं. ग्रंथालय ही एकच जागा मी अशी पाहिली, जिथे प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक असतो, ठरलेली जागा असते, ये-जा केल्याची नोंद असते. ६३४ म्हणजे फळबागा, ६३९.२ म्हणजे मासेमारी, ९५४ म्हणजे भारताचा इतिहास. या शिस्तीत एखादी गोष्ट एक फळी जरी सरकली तरी ती बोलते. परीक्षेच्या आधी एकुलती एक प्रत दुसऱ्याला मिळू नये म्हणून ती भलत्याच विषयाच्या कपाटात दडवून ठेवणारी मुलं दरवर्षी असतात. ती पुस्तकं शोधायला फार बुद्धी लागत नाही. जिथे कोणी फिरकत नाही त्या कपाटाच्या खालच्या फळीवर, धूळ कुठे पुसली गेली आहे तेवढं बघायचं.

आणि खऱ्या ग्रंथालयांतली मोठी गूढंही अशीच सुटलेली आहेत. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथांच्या ग्रंथालयात जून २००५ मध्ये तिथल्या एका ग्रंथपाल बाईंना जमिनीवर एक धारदार पातं पडलेलं दिसलं. जिथे फक्त पेन्सिल न्यायची परवानगी, तिथे पातं कशाला? त्या एका प्रश्नावरून फोर्ब्स स्मायली नावाचा नामांकित नकाशा-विक्रेता पकडला गेला. निरनिराळ्या ग्रंथालयांतून ९७ जुने नकाशे पळवल्याची कबुली त्याने दिली. मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयातली गोष्ट तर मला याहून आवडते. तिथे १९३८ पासून गॅलिलिओच्या हातचा म्हणून एक कागद होता. वर दुर्बिणीबद्दलच्या पत्राचा मसुदा, खाली गुरूच्या चंद्रांच्या जागांच्या नोंदी. ग्रंथालयाचा मानाचा तुरा होता तो. निक वाइल्डिंग या इतिहासकाराला त्यातली काही अक्षरं आणि शब्द खटकले. त्याने कागदातल्या जलचिन्हाबद्दल विचारलं. कागद उजेडात धरला की दिसणारी कारखान्याची खूण, ती. त्यात ‘बीएमओ’ अशी अक्षरं होती, म्हणजे इटलीतलं बेर्गामो गाव. ही खूण असलेला सर्वांत जुना ज्ञात कागद १७७० सालचा. गॅलिलिओ वारला १६४२ साली. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रंथालयाने स्वतःच जाहीर केलं की हा कागद विसाव्या शतकातल्या एका बनावटकाराचा आहे. जलचिन्हासारखी खूण बघणाऱ्यासाठी कधीचीच तिथे होती, फक्त कोणी कागद उजेडात धरून तो प्रश्न विचारला नव्हता.

मला यातून जे पटलं ते असं: ग्रंथालयात तपास करायचा तर आधी माणसांकडे बघू नये, कागदाकडे बघावं. माणसांकडे आधी बघितलं की संशय येतो, आणि संशय आला की कागद दिसेनासा होतो.

आमच्याकडचं गूढ चोरीचं नव्हतं. उलट, पुस्तकांमध्ये काहीतरी वाढत होतं. साठापडताळणीच्या वेळी संदर्भ विभागातली कोकणाबद्दलची मराठी पुस्तकं एकेक करून हातात घेताना मला समासात पेन्सिलीच्या टिपा दिसायला लागल्या. बारीक, सरळ, शाळेत गिरवून घेतल्यासारखं अक्षर. जोडाक्षरं सुटी सुटी. आधी मत्स्यव्यवसायावरच्या एका जुन्या पुस्तिकेत, मग जिल्ह्याच्या भूगोलावरच्या पुस्तकात, मग खाड्यांवरच्या एका अहवालात. ‘हे कातळ आता बुडाले.’ ‘कालवं इथे नाहीत, पलीकडे आहेत.’ ‘अष्टमीला जाऊ नये, भांग असतो, खडक उघडा पडत नाही.’ (भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, पाणी फारसं चढत-उतरत नाही अशी भरती-ओहोटी.) आणि एका पुस्तकात तर भरती-ओहोटीच्या वेळांचा अख्खा तक्ता आडव्या रेघेने खोडून शेजारी नव्या वेळा लिहिलेल्या.

पुस्तकात लिहिणं हा आमच्याकडे गुन्हा आहे. तशी पाटीच आहे, पुस्तकाची किंमत भरावी लागेल म्हणून. वरिष्ठांना टिपा दाखवल्या तेव्हा त्यांनी सहज एक शक्यता बोलून दाखवली, की मासेमारीवर संशोधन करणाऱ्या मुलांपैकी कोणाचंतरी काम असेल. नावंही दोन-तीनच होती. मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या. कारण त्या टिपांत एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून अडवत होती. संशोधन करणारा विद्यार्थी स्वतःसाठी लिहितो. तो अधोरेखित करतो, बाण काढतो, ‘महत्त्वाचे’ लिहितो. हे अक्षर पुढच्या वाचणाऱ्याशी बोलत होतं.

मग मी ती पुस्तकं टेबलावर एका ओळीत मांडली आणि नुसती बघत बसले.

पहिली गोष्ट समासांनीच सांगितली. जुनं पुस्तक पुन्हा बांधताना बायंडर कडा एकसारख्या करायला तीन बाजूंनी थोडं कापतो. त्या कापण्यात आधीच्या वाचकांची अक्षरं छाटली जातात. भूगोलाच्या पुस्तकात कुण्या जुन्या विद्यार्थ्याने शाईने लिहिलं होतं, ‘परीक्षेला येते’. डाव्या पानावर त्याचं उरलं होतं ‘रीक्षेला येते’, उजव्या पानावर ‘परीक्षेला ये’. पेन्सिलीच्या टिपांचं मात्र एकही अक्षर छाटलेलं नव्हतं. कापल्यानंतर जेवढा समास उरला होता, तेवढ्यात त्या नीट बसवून लिहिल्या होत्या. म्हणजे टिपा कडा कापल्यानंतरच्या.

दुसरी खूण त्याहून पक्की. खाड्यांवरच्या अहवालात एक पान कोपऱ्यात फाटलेलं होतं आणि बायंडरने मागून पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी लावून ते सांधलं होतं. पान पिवळट तपकिरी, पट्टी पांढरीशुभ्र, आणि फाटलेल्या जागी पट्टीचा एक त्रिकोण पुढून दिसत होता. ‘सुकती’, म्हणजे पूर्ण ओहोटी, हा शब्द त्या सीमेवर होता. ‘सु’ जुन्या पानावर, ‘कती’ नव्या पट्टीवर. मी भिंग घेऊन बघितलं. शिसाची रेघ पिवळ्यावरून पांढऱ्यावर न तुटता गेली होती, आणि खळीने किंचित फुगलेल्या कडेवर ती जराशी दबून गडद झाली होती. पट्टी वाळायच्या आत लिहिलेलं असावं. ओल्या कागदावर पेन्सिल अशीच रुतते.

हे दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठले आणि खिडकीपर्यंत जाऊन आले. तो आनंद कसा असतो हे ज्यांनी एकदा अनुभवला आहे त्यांना सांगावं लागणार नाही.

तिसरी गोष्ट नोंदींतून निघाली. आता आमच्याकडे देवघेव संगणकावर होते, कोहा नावाची प्रणाली आहे. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी त्यामुळे कोरीच राहते. याचं मला फार वाईट वाटतं. त्या चिठ्ठीवर शिक्क्यांची रांग बघून कळायचं, की हे पुस्तक दरवर्षी जानेवारीत कोणीतरी नेतं, किंवा नऊ वर्षं कोणी हात लावला नाही. पण ही पुस्तकं संदर्भ विभागातली, बाहेर न जाणारी. बाइंडिंगहून परतल्यावर ती थेट फळीवर गेली होती. मी बाइंडिंगची जावक वही काढली आणि टिपा असलेल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक जुळवले. सगळी त्यात होती. वेगवेगळ्या वर्षांच्या गठ्ठ्यांत, पण सगळी.

आणि त्याच गठ्ठ्यांमध्ये इंग्रजी पुस्तकंही गेली होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड, १८८० सालचा, त्यात होता. बंदरं, खाड्या, सगळा तोच विषय. तो कोराकरकरीत. लिहिणारी व्यक्ती इंग्रजी वाचत नव्हती, निदान आवडीने नाही. संशोधन करणाऱ्या मुलांची नावं मी तिथेच खोडली.

आता राहिला तो खोडलेला तक्ता. पुस्तकात किनाऱ्यावरच्या माणसांना पाठ असलेला हिशेब दिला होता: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते म्हणून हे गणित जमतं. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पेन्सिलीने चतुर्थीपुढे लिहिलं होतं, ‘सुकती आठ वाजता. नऊला पाणी चढतीला.’ प्रत्येक तिथीला असंच, साधारण तासभर आधी.

मी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते काढले. त्यात मुंबई आहे आणि गोव्याचं मुरगावही आहे. पाऊणपटीचा हिशेब मुंबईशी जुळतो. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, त्यामुळे गोव्याला ती आधी पोचते, मुंबईला नंतर, आणि उत्तरेकडे खंभातच्या आखाताच्या दिशेने तिची उंचीही वाढत जाते. पेन्सिलीच्या वेळा मुरगावच्या जवळ बसत होत्या. म्हणजे लिहिणाऱ्याची खाडी दक्षिण कोकणातली, मालवण-वेंगुर्ल्याच्या अंगाची. पुस्तक चूक नव्हतं, ते मुंबईच्या पाण्याबद्दल बोलत होतं. टीपही चूक नव्हती.

या तक्त्यावर मी बराच वेळ घालवला, कारण त्यात अजून काहीतरी होतं आणि ते हाताला लागत नव्हतं. शेवटी लक्षात आलं ते असं, की या माणसाने भरतीची वेळ एकदाही लिहिलेली नाही. सगळीकडे सुकती. होडीवाला भरती बघतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, त्यावरून होडी काढायला पाणी चढलेलं लागतं. त्याच्या बोलण्यात आधी भरती येणार. सुकतीची वेळ कोणाला लागते? पाणी उतरल्यावर जे चालत खाडीत जातात त्यांना. तिसऱ्या, मुळे, कालवं असे शिंपले काढणाऱ्यांना. आणि आमच्या किनाऱ्यावर हे काम बहुतेक करून बायका करतात. कमरेला टोपली बांधून पाण्यात वाकलेल्या बायकांच्या रांगा मी लहानपणापासून बघितल्या आहेत. त्या किती वाजता उतरतात आणि किती वाजता वर येतात, हे त्यांना कोणीतरी सांगत असणार, असा विचार मात्र मी तोवर केला नव्हता.

दक्षिण कोकणातली, खाडीत उतरणारी, मराठी शाळा शिकलेली बाई. आणि ती आमच्या बायंडरच्या घरात.

बायंडर घरीच काम करतात. पडवीत दाब, मागच्या खोलीत कापायचं यंत्र, ओट्यावर मैद्याच्या खळीची कढई. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, त्याची निळसर झाक कढईच्या कडेला असते. मी नवा गठ्ठा पोचवायच्या निमित्ताने गेले. बायंडरदादा नेहमीप्रमाणे पुस्तकं मोजून घेत होते. आतल्या दाराशी त्यांची आई बसली होती आणि पुठ्ठ्यांना आतून कागद चिकटवत होती. शेजारी एक पुस्तक उघडं, पानांवर वजन म्हणून पितळी गडू ठेवलेला, आणि गडूशेजारी पेन्सिल.

मी काहीच बोलले नाही. अहवालातलं ते सांधलेलं पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

काकी जराही बिचकल्या नाहीत. “चुकीचा छापलेला होता,” त्या म्हणाल्या. “ह्या वाचून कोण खाडीत उतारलो तर पाण्यात गावतलो.”

दादांचा चेहरा उतरला होता, काम जाईल की काय म्हणून. ते आईला गप्प करू बघत होते. पण मला पुढचं ऐकायचं होतं. काकींचं माहेर मालवणकडचं. सातवी फायनल झालेल्या. आई-मावश्यांबरोबर खाडीत जायच्या. पाऊणपटीचा हिशेब त्यांच्या घरीही ऐकलेला होता, कोणी मुंबईहून आलेला माणूस सांगायचा, आणि त्यावर विसंबून पाण्यात उतरलेली त्यांची एक मैत्रीण उशिरा परतायला निघाली. बाहेरचं पाणी आधीच फिरलेलं. कातळाकडून किनाऱ्याकडे येताना मधला खोलगट भाग आधी भरतो, त्यात ती सापडली. वाचली, पण कशीबशी. “पाठीमागून भरता ता पाणी दिसाक नाय, बाय,” काकी म्हणाल्या. लग्न होऊन त्या इकडे आल्या. इथे खाडी दुसरी, काम दुसरं. पुस्तकं दाबाखाली वाळेपर्यंत वाचायची सवय लागली, आणि त्या वाचनात तो तक्ता पुन्हा समोर आला. छापलेला. म्हणजे शिकलेली माणसं त्यावर विश्वास ठेवणार.

मी गुन्हेगार शोधायला निघाले होते आणि मला गुन्ह्याचा हेतू सापडला होता. इतका स्वच्छ हेतू मी कुठल्याही रहस्यकथेत वाचलेला नाही.

प्रश्न पुढचा होता. हौसेने तपास करणाऱ्याकडे अधिकार काही नसतो, त्याच्याकडे फक्त माहिती असते, आणि ती कोणाला द्यायची हे त्यालाच ठरवावं लागतं. मी तर दोन्हीकडची, हौशीही आणि नोकरदारही. वाचक काय वाचतो, कुठे थांबतो, हे ग्रंथपालाने बाहेर सांगू नये असं मी मानते. अमेरिकन ग्रंथपालांच्या संघटनेने १९३९ साली आपल्या आचारसंहितेत हे लिहून ठेवलं. आपल्याकडे ते कुणी लिहून दाखवलं असो वा नसो, गावातल्या जुन्या वाचनालयांत ते पाळलं जाताना मी बघितलं आहे. कोणाच्या घरी कुठलं पुस्तक गेलं, याची चर्चा काउंटरवर होत नसे. काकी नावनोंदणी केलेल्या वाचक नव्हत्या, पण वाचक होत्या. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेल्या पाच सूत्रांतलं पहिलंच आहे, की पुस्तकं वापरासाठी असतात. गठ्ठा बाइंडिंगला गेला म्हणून त्या काळात पुस्तकाचं पुस्तकपण थांबत नाही.

मी वरिष्ठांना नाव सांगितलं नाही. कागदाने जे सिद्ध केलं ते सांगितलं, विद्यार्थ्यांचा यात संबंध नाही हे दाखवून दिलं, आणि टिपा चूक आहेत की बरोबर हे आधी तपासू या, असं सुचवलं. मत्स्यशाखेतल्या एका प्राध्यापकांना मी वेळा दिल्या. मालवणकडे त्यांचं काम चालूच होतं. त्यांनी तिथे खाडीकाठी उभं राहून, वेगवेगळ्या तिथींना, पाणी नेमकं कधी थांबतं आणि कधी फिरतं ते टिपून आणलं. काकींच्या वेळा दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने बरोबर निघाल्या. एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, ‘खाडीत वर, पुलापाशी, अर्धा तास उशिरा’. तेही जुळलं, कारण लाट तोंडातून आत पोचायला वेळ लागतोच. प्राध्यापक मला म्हणाले, छापील तक्त्यात बंदराची वेळ मिळते, खाडीच्या आतली मिळत नाही, ती तिथल्या माणसांकडेच असते.

खोडरबर फिरवायचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. दाखलनोंदवहीत त्या पुस्तकांपुढे शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: ‘समासात हस्तलिखित दुरुस्त्या. पुसू नयेत.’ तक्त्याच्या पानावर एक छोटी चिठ्ठी लावली, की या वेळा मुंबईच्या आहेत, दक्षिणेकडे भरती-ओहोटी आधी होते, समासातली नोंद पाहावी. आणि बाइंडिंगच्या कामाच्या पत्रात एक ओळ वाढवली: कोकणविषयक मराठी पुस्तकांना शेवटी कोरी पानं जोडावीत. त्या पानांचा खर्च बसतो कुठल्या सदरात, यावर हिशेब विभागाशी थोडी पत्रापत्री झाली, ती झालीच.

काकींना मी सांगितलं, आता समासात नको, मागे जागा केली आहे, हवं तेवढं लिहा. पहिल्या कोऱ्या पानावर त्यांनी सगळ्या तिथींच्या सुकतीच्या वेळा सलग उतरवल्या. खाली लिहिलं, की दिवसाची आणि रात्रीची सुकती सारखी नसते, आणि वारा समुद्राकडून असेल तर सांगितलेल्या वेळेच्या आधीच निघावं.

गेल्या पावसाळ्याआधी ते पुस्तक मी वाचनकक्षातल्या टेबलावरून उचलून फळीवर ठेवत होते. सवयीने मागची पानं उघडली. काकींच्या तक्त्याखाली निळ्या बॉलपेनने दोन ओळी होत्या. अक्षर घाईचं, तिरपं. ‘आमच्या खाडीत यात वीस मिनिटं वाढवा. पुलाच्या वर चाळीस.’ खाली सही नाही, खाडीचं नावही नाही.

मी फोनवर फोटो काढून काकींना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. हा कोण हे मला शोधता आलं असतं. वाचनकक्षाच्या दाराशी वही असते, त्यात नाव आणि वेळ लिहूनच आत येतात, आणि ते पुस्तक टेबलावर कधी आलं असेल याचाही अंदाज होता. मी वही उघडू का, असं काकींना विचारलं. त्या म्हणाल्या, नाव नको. त्याला एवढंच विचार, की पावसात वरून गोडं पाणी यायला लागलं की ही वीस मिनिटं तेवढीच राहतात की आणखी वाढतात.

मी म्हटलं, तुम्हीच विचारा. पुस्तक घेऊन गेले. काकींनी त्या दोन ओळींखाली पेन्सिलीने प्रश्न लिहिला आणि पुढे तीन बोटं जागा सोडली. पुस्तक संदर्भ विभागात आहे, खिडकीकडच्या कपाटात. बाहेर नेता येत नाही, तिथेच बसून वाचायचं. टेबलावर मी एक पेन्सिल ठेवली आहे.